डाव उलटला, पावात बसला : खाण्यापिण्याची कूटकोडी

तिसरी_घंटा (नौपाडा)

पेपरात येतं ते साधं शब्दकोडं. 'कमळ' विचारतात, 'पंकज' लिहायचं. आडव्याशी जुळलं नाही तर 'नीरज'. आमच्या कट्ट्यावर चालतात ती कोडी जरा वाकड्या चालीची. ओळ वाचली की जो अर्थ दिसतो तो आधी सोडून द्यायचा. ओळीच्या एका टोकाला उत्तराचा अर्थ असतो आणि उरलेल्या शब्दांत ते उत्तर कसं जुळवायचं याची कृती. आम्ही त्यांना कूटकोडी म्हणतो.

विषय एकच ठेवलाय, खाणंपिणं. शनिवारी संध्याकाळी ठाण्यात राम मारुती रोडला एका हॉटेलात बसतो आणि ज्याला सगळ्यांत कमी सुटतील त्यानं बिल भरायचं. त्यामुळे कोडी सोडवताना लोक मागवतातही जपून.

नमुना बघा:

डाव उलटला आणि पावात जाऊन बसला (२)

'डाव' म्हणजे डा आणि व. उलटा केला की व-डा. 'पावात जाऊन बसला' हा झाला अर्थ. कंसातला आकडा अक्षरांचा. वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर काहीही असो, उच्चारात एक तर मोजायला एक. 'श्री' एक, 'खं' एक.

आता ही घ्या. उत्तरं लगेच फोडू नका, एखादा तास तरी लोकांना डोकं खाजवू द्या.

तूच हाक मारलीस, तलफ आतच आहे (२)
वार परतला, आता उपमा करू (२)
घुसा आत, सत्यनारायणाचा प्रसाद आहे (२)
पत्रिकेतल्या नवरदेवामागे बटाट्याचा लागला, दिवाळीचा डबा भरला (३)
दारुड्याला उपदेश केला, तो त्यानं ग्लासातच ओतला (२)

तुमची स्वतःची असतील तर टाका. अट एकच, कोडं खाण्यापिण्याचंच हवं.

ऐरोलीकर

एक तास कसला, तुर्भ्याला गाडीत चढलो तेव्हा धागा उघडला आणि रबाळ्याला तिसरं सुटलं. शिरा! 'घुसा' म्हणजे शिरा. ठाणे लोकलच्या दारात उभे असलेले लोक आतल्यांना हाच प्रसाद वाटत असतात.

पहिलंही सुटलं, तू-च-हा-क, मधे चहा. पण गंमत अशी झाली की घरी येऊन बायकोला वाचून दाखवलं तर तिला काही केल्या सुटेना. ती माझ्यापेक्षा हुशार आहे, हे इथे लिहायला हरकत नाही, ती हा धागा वाचते. मग फोन हातात दिला तर क्षणात सांगितलं. असं का व्हावं?

मुद्रितशोधक

कारण तुम्ही वाचून दाखवलंत. 'तूच'मधला च आणि 'चहा'तला च लिहायला एक, बोलायला दोन. 'तूच'मध्ये जीभ दातांकडे जाते, चमच्यातल्या च सारखी. 'चहा'त टाळूकडे, चिवड्यातल्या चि सारखी. ऐकणाऱ्याच्या कानाला तिथे चहा नाहीच. मराठीत च, ज, झ या तिघांची ही सोय आहे आणि कोडं रचणाऱ्यानं ती वापरलीच पाहिजे.

उलट्या कोड्यांचंही तेच. 'डाव' आपण बोलतो तेव्हा शेवटचा व पाय मोडल्यासारखा उच्चारतो. ते ध्वनी उलटे केले तर 'वाड्' होईल, वडा नाही. वडा होतो तो कागदावरच. तेव्हा ही कोडी ऐकायची की वाचायची, हे कट्ट्यानं आधी ठरवावं. नाहीतर वाचणारा बिलातून सुटतो आणि ऐकणारा अडकतो.

सुगरण_नव्हे (कळवा)

दुसरं माझं. रवा! वा-र उलटा. आणि 'परतला' हा शब्द काय बसलाय! वार परतून लावतात आणि रवा तुपावर परततात. एकाच शब्दात उलटं करायची खूणही आली आणि कढईही आली. या ओळीत एक शब्द फुकट गेलेला नाही, 'आता'सुद्धा बरोबर जागी आहे, कारण उपमा परतल्यावरच करतात.

चौथं चिवडा. चि. म्हणजे चिरंजीव, त्याच्यामागे वडा. लग्नपत्रिकेत 'चि. सौ. कां.' लिहितात, मग हे नवरीलाही लागू पडत नाही का?

तिसरी_घंटा

@मुद्रितशोधक, आमच्याकडे एकदा मोठ्यानं वाचायचं आणि मग कोडं लिहिलेलं बिल फिरवायचं असा नियम आहे. ऐकून सुटलं तर दोन गुण, वाचून सुटलं तर एक. उलट्या कोड्यांत दोन गुण मिळवलेला माणूस अजून भेटायचाय.

@सुगरण_नव्हे, म्हणून तर 'नवरदेवामागे' म्हटलं. तिच्यामागे सौ. कां. असतं, वडा कुठून लागणार?

विदर्भी_ठेचा (खारघर)

मी मूळचा नागपूरचा, त्यामुळे पहिल्यापासून तक्रार. वडा पावात बसतो हे इथल्यांचं गृहीतक. आमच्याकडे त्याला आलूबोंडा म्हणतात, तो तर्रीत बसतो आणि सोबत पावाची गरज नसते. असो, नवीन गावाला आलो की तिथलं खावं लागतं.

पाचवं 'सोडा'. हे धाग्यातलं सर्वांत चांगलं कोडं आहे असं माझं मत, आणि मी पीत नाही. पूर्ण ओळ एक गोष्ट म्हणून वाचता येते, गोष्ट म्हणूनही हसू येतं आणि कोडं म्हणूनही चोख.

यावरून लक्षात आलं, आपले कितीतरी पदार्थ हुकूम सोडतात. शिरा, सोडा तुम्ही दिलेच. 'काढा' बघा. 'मिसळ' बघा. 'उसळ' बघा. म्हणून माझं एक:

'चारचौघांत जात जा' असं सांगणारी झणझणीत (३)

ऐरोलीकर

मिसळ! ठाण्यात राहून हे सुटलं नाही तर मामलेदार मिसळीच्या रांगेत उभं राहू देणार नाहीत.

माझंही एक घ्या. एपीएमसीच्या घाऊक बाजारात हापूसच्या पेट्या उतरायला लागल्या की सुचलेलं:

सामान्यांची आवड वाटीत (४)

सुगरण_नव्हे

आमरस. आम जनतेचा आम, आणि आवड म्हणजे रस. जुळणी झकास आहे, पण 'सामान्यांची'? मार्चमधला पेटीचा भाव ऐकलाय का?

मुद्रितशोधक

भाव मेमध्ये उतरतो, तोवर कोडं चालेल.

'मिसळ'वरून एक निरीक्षण. हा शब्द दोन शब्दांच्या सांध्यात लपवता येत नाही. शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ, आणि 'मिसळ'ची मि ऱ्हस्व. 'आणि', 'नि' अशी मोजकी अव्ययं सोडली तर ऱ्हस्व वेलांटीवर आपला शब्द संपतच नाही. याउलट काना, एक मात्रा, दोन मात्रा यांचे शब्द आनंदानं लपतात. हे बघा:

झोपो हे बाळ, मुलगी बघायला आलेल्यांचं पोटात आहे (२)
जाता कधी? जेवणावरचं आतच आहे (२)

तिसरी_घंटा

पहिलं पोहे, झो-पो-हे. दुसऱ्याचं उत्तर मी सांगत नाही, कट्ट्यावर वापरायचा विचार आहे.

पेन्शनर_काका (वाशी)

दुसरं ताक. जा-ता-क-धी. माफ करा, पण माझ्या वयाला कट्ट्यापर्यंत थांबणं जमत नाही.

ताकावरून आठवलं. तुम्ही सगळे हे नवं खूळ म्हणून मिरवताय, पण शाळेत आम्हाला एक संस्कृत श्लोक होता. जेवणाच्या शेवटी काय प्यावं? जयंत कोणाचा मुलगा? विष्णुपद कसं आहे? असे तीन प्रश्न आणि चौथा चरण 'तक्रं शक्रस्य दुर्लभम्'. सरळ वाचलं तर 'इंद्राला ताक मिळणं कठीण' असं भलतंच विधान. तोडून वाचलं तर तिन्ही प्रश्नांची उत्तरं ओळीनं: ताक, इंद्राचा, दुर्लभ. श्लोकाच्या पोटातच उत्तर असलं की त्याला अंतर्लापिका म्हणतात, बाहेरून आणावं लागलं तर बहिर्लापिका. तुमचं 'जाता कधी' हे अंतर्लापिकेचंच नातवंड.

चौकटीचं शब्दकोडं मात्र तिकडचं. आर्थर विन यांनी 21 डिसेंबर 1913 ला 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये पहिलं छापलं, शंकरपाळ्याच्या आकाराचं. पुढच्या दशकात इंग्लंडात 'ऑब्झर्व्हर'मध्ये टॉर्केमाडा या टोपणनावानं एक गृहस्थ निव्वळ कूटसूचनांची कोडी द्यायला लागले. टॉर्केमाडा हा स्पेनमधला लोकांचे हाल करण्यासाठी कुप्रसिद्ध धर्माधिकारी. नाव उचित होतं.

विदर्भी_ठेचा

काका, शंकरपाळ्याचा आकार म्हणजे विषयाला धरूनच सुरुवात झाली म्हणायची.

आणखी एक उलटं:

आमसुलाचं उलटं ओतलं, वांग्याचा आला (२)

सुगरण_नव्हे

सार उलटं, रसा. पण तुम्ही नागपूरचे, तुमच्याकडे रस्सा ना? मग हे कोडं तुमच्या तोंडात शोभत नाही.

विदर्भी_ठेचा

घरी रस्साच. इथे ठाण्याच्या लोकांसाठी पातळ केला.

मुद्रितशोधक

'वांग्याचा रसा' हा प्रयोग सर्रास आहे. कोडं ग्राह्य.

खाडीपलीकडचा (बेलापूर)

वरपासून खालपर्यंत वाचलं. वडा, शिरा, चिवडा, पोहे, ताक. चांगलं आहे, पण खाडीच्या दोन्ही बाजूंना इतकी गावठाणं, कोळीवाडे, आणि एका कोड्याला मासळीचा वास नाही? सत्यनारायणाच्या पूजेला आलोय असं वाटलं. हे घ्या, दिवाळे गावच्या मासळीबाजारातून थेट:

पाप उशिरा आलं, तळून खाल्लं (४)
निकटला काना दिला, सुकवल्यावर वास सुटला (३)
गदागदा करा : संक्रांतीला पांढरा, जाळ्यात काळा (३)

तिसरी_घंटा

वा! पहिलं पापलेट. पाप आणि लेट. हे ऐकूनही सुटतं, दोन गुणांचं.

तक्रार मान्य. आमच्या कट्ट्यावर शनिवारचे उपास धरणारे दोघं आहेत, त्याचा परिणाम.

ऐरोलीकर

तिसरं हलवा! 'हलवा' म्हणजे गदागदा हलवा, संक्रांतीला तिळाचा काटेरी हलवा आणि मासळीतला काळा हलवा. एका शब्दाचे तीन अर्थ, तिन्ही एका ओळीत, आणि कुठे ओढाताण नाही. सोड्याला मागे टाकलं यानं. मी तर आधी 'घुसळा' असं काहीतरी शोधत होतो.

दुसरं सुटत नाही. निकट म्हणजे जवळ...

सुगरण_नव्हे

अहो सुटलंय की! 'जवळ'च्या ळ ला काना द्या. जवळा. तो सुकवलेला भाजायला घेतला की वास चौथ्या मजल्यावरून तळमजल्याला येतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर 'कोणाकडे?' असा मेसेज पडतो. आमच्याकडे पडलाय, उत्तर मीच होते.

नव_शब्दप्रेमी

नमस्कार, इथे नवीन आहे. इंग्रजी कूटकोडी बरीच वर्षं सोडवतो. तिथे अक्षरं विस्कटून नवा शब्द करणं हा मुख्य प्रकार. मराठीत तुम्ही तो का वापरत नाही? मात्रा आणि व्यंजनं सुटी केली तर खूप शब्द मिळतील. 'काजू'चे क, आ, ज, ऊ सुटे केले की 'कूजा', 'जाकू', 'जूका'...

तिसरी_घंटा

स्वागत. पण तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. जाकू म्हणजे काय? कूजा कोणी खाल्लाय? मात्रा सुटी केली की शब्दांचा भुगा होतो आणि भुग्यातून अर्थाची ओळ लिहिता येत नाही. रोमन लिपीत स्वर हे स्वतंत्र अक्षर असतं, ते उचलून दुसरीकडे ठेवलं तर काही मोडत नाही. आपला उकार 'जू'च्या अंगचा आहे. आम्ही अख्खी अक्षरं हलवतो, ती तोडत नाही. काना द्यायचा असेल तर ओळीत तसं सांगून द्यायचा, वर जवळ्याला दिलाय तसा.

अख्ख्या अक्षरांनीही काम होतं:

कलीच! शेवटचा पुढे घुसला, गोल फिरून तेलात पडला (३)

नव_शब्दप्रेमी

चकली. मान्य आहे, ओळ छान आहे. तरी मला वाटतं की मात्रांचा प्रयोग कोणी तरी करून बघायला हवा. चौकट मोठी असली तर लागेलच.

मुद्रितशोधक

चौकट मोठी झाली की कोडं रचणाऱ्याची सोय बघितली जाते, सोडवणाऱ्याची नाही. एकेका ओळीचं कोडं असणं हेच बरं. चौकट नको.

नव_शब्दप्रेमी

पटलं नाही. पण पुढच्या शनिवारी येऊ का?

तिसरी_घंटा

या. पैसे घेऊन या.

कोमल_निषाद (वाशी)

दिवसभर क्लास असतात, आता रात्री वाचलं. मी गाणं शिकवते. शिष्यांना स्वरांची पूर्ण नावं पाठ व्हावीत म्हणून एक ताट केलं होतं, ते इथे वाढते. प्रत्येक कोड्याचं पहिलं अक्षर स्वराचं.

षड्ज लावला, पुढे गाढव, तरी गोड लागलं (३)
ऋषभापुढे कोथिंबिरीची, पण तिळात घोळलेली (३)
गंधार, पुढे सोम किंवा मंगळ काहीही, दाण्याचं कूट घाला (३)
मध्यमाला विचारलं 'कशासाठी?' आणि भाजून लिंबू लावलं (२)
पंचमाखाली पाणी, पालकात टाका (३)
धैवत उचलून घेऊन जा, वाटणात लागेल (२)
निषादामागे अर्धे गृहस्थ, उन्हं चढायच्या आत प्या (२)

सुगरण_नव्हे

अगं काय हे! झोप उडवलीस. प म्हणजे पनीर, नीर म्हणजे पाणी. रे म्हणजे रेवडी, कोथिंबिरीची वडी. म म्हणजे मका, 'का?' असं विचारलं. पावसात तलावपाळीला कणीस खाताना हे आठवणार आता.

ऐरोलीकर

ग ला गवार. सोमवार, मंगळवार, कुठलाही वार. दाण्याचं कूट वाचलं आणि सुटलं.

पण 'सा'ला गाढव? साखर येतंय, पण 'खर' कुठला?

पेन्शनर_काका

खर म्हणजे गाढव. रामायणातल्या खर-दूषणांपैकी एकाला आईबापांनी काय नाव ठेवलं होतं बघा.

मुद्रितशोधक

ध आणि ने, म्हणजे 'धने'. परंतु अर्धा महाराष्ट्र 'धणे' लिहितो. 'णे' घेऊन जायचं म्हणजे काय? कोडं लेखनभेदावर उभं आहे.

कोमल_निषाद

माझ्या डब्यावर धने लिहिलंय.

खाडीपलीकडचा

स्वरांच्या ताटात मासा नाही, पण सात जण एका रांगेत बसवलेत म्हणून सोडून देतो. शेवटचं काही कळलं नाही. 'नी' आलं. अर्धे गृहस्थ म्हणजे कोण? पाय नसलेले?

नव_शब्दप्रेमी

'गृहस्थ'ची अर्धी अक्षरं घेतली तर 'गृह' होतं. नीगृह? अक्षरं दोनच आहेत, त्यामुळे बसत नाही.

विदर्भी_ठेचा

निषाद म्हणजे शिकारीही. शिकाऱ्यामागे अर्धा माणूस... नाही, मी हरलो.

सुगरण_नव्हे

श्री. म्हणून बघितलं, नीश्री. श्रीयुतातलं युत, नीयुत. काही प्यायला मिळत नाही.

कोमल_निषाद

एक खूण देते. हे गृहस्थ आता पत्रांवर येत नाहीत. पूर्वी नेहमी जोडीनं यायचे.

पेन्शनर_काका

मग ते माझ्याच पिढीचे. आमच्या वडिलांना येणाऱ्या प्रत्येक पोस्टकार्डावर नावाआधी 'रा. रा.' असायचं. राजमान्य राजेश्री. जोडीतला एक ठेवा, एक काढा : रा. निषादामागे लावा : नीरा. आणि उन्हं चढली की ती आंबते, म्हणून सकाळीच. पूर्वी स्टेशनबाहेरच्या नीरा केंद्रावर ऑफिसला जाताना उभ्या-उभ्या एक ग्लास घ्यायचो.

खाडीपलीकडचे, विदर्भी, नव_शब्दप्रेमी, तुम्हा तिघांना हे सुटलं नाही याची नोंद घेतली आहे. पुढच्या शनिवारी मी वाशीहून ठाण्याला येतोय. बिल तिघांत वाटून घ्या, मला वडा सांबार आणि दोन कॉफी.

कोमल_निषाद

काका, पूर्ण गुण. आणि कट्ट्यावर खर्डेघाशी नको, मी 'मध' आणते आहे. दोनच स्वर आहेत, तोपर्यंत सोडवून ठेवा.